पान त्रेचाळीस

चिरंजीवांनी बुटांचा खोका काउंटरवर उपडा केला आणि एकतीस टेपा खडखडत बाहेर पडल्या. दोन काउंटरच्या कडेवरून खाली निघाल्या होत्या, त्या आईंनी झेलल्या. कॅसेटवाल्यानं ढिगातली एक उचलली, तिचं झाकण उघडलं, नाकाशी नेली आणि हुंगली.

"बुरशी नाहीये," तो म्हणाला. "लोक आणतात त्यांना मिशा फुटलेल्या असतात. तुमच्या कोरड्या आहेत."

"जपल्यात," चिरंजीव म्हणाले.

जपल्या होत्या आईंनी. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेली जी पुडी येते, तसल्या पुड्या साठवून, दर वर्षी जुन्या काढून नव्या घालून, बावीस वर्षं. चिरंजीवांना खोका कोणत्या कपाटात आहे हे परवापर्यंत माहीत नव्हतं. परवा तीनदा विचारलं, तेव्हा कळलं. पण सांगताना 'जपल्यात' असं म्हणायचं, म्हणजे कोणी जपल्यात ते सांगावं लागत नाही.

"आमचे वडील काळाच्या पुढं होते," चिरंजीव म्हणाले. "त्या काळात कोणाकडे कॅमेरा नव्हता. हे सगळं पुढच्या पिढ्यांसाठी जतन करायचंय मला. नातवंडं, पतवंडं. त्यांना कळलं पाहिजे आपण कुठून आलो."

चिरंजीवांना एक मुलगी, वय वर्षं सात. ती दोन मिनिटांपेक्षा लांब काहीही बघत नसे. पतवंडांचा तर अजून पत्ताच नव्हता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आईंच्या मनात आलं. कॅसेटवाल्याच्याही मनात तसलंच काहीतरी आलं असावं, कारण त्यानं जांभई दाबली.

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. "मग आमच्याकडून हार्ड डिस्क नेतात, ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि पाच वर्षांनी रडत येतात की उघडत नाही. म्हणून आधीच सांगतो. दोन ठिकाणी ठेवा. एक घरात, एक घराबाहेर. एका ठिकाणी ठेवलेलं कधी ना कधी जातंच."

"ते मी बघतो."

"पंधरा दिवस लागतील. तासाच्या टेपला तासच लागतो, त्यात घाई नाही. आणि टेपा परत नेणार, की इथंच टाकायच्या? आमच्याकडे शुक्रवारी गाडी येते. चुरा करून नेतात."

"इथंच टाका. घरात अडगळ नको."

आईंच्या हातात अजून त्या दोन टेपा होत्या. त्यांनी त्या काउंटरवर ठेवल्या नाहीत.

"दुसरा आवाज पण घेणार ना?" त्यांनी विचारलं.

कॅसेटवाल्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "कसला दुसरा आवाज, मावशी?"

"टेपेवरचा. तो आपोआप लागत नाही. मेनूत जाऊन बदलावा लागतो."

कॅसेटवाल्यानं चिरंजीवांकडे पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसला. "टेपेवर एकच आवाज असतो, मावशी. जो बोललेला असतो तो."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं," चिरंजीव म्हणाले.

ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांच्या घरात हे वाक्य मीठ मागावं इतक्या सहज म्हटलं जाई.  गाढवापुढं गीता वाचायची सवय आईंनी केव्हाच सोडली होती, आणि इथं तर दोन होते. त्यांनी दोन्ही टेपा ढिगावर ठेवल्या आणि पर्सची चेन लावली.

वाक्य मूळचं अण्णांचं. अण्णा म्हणजे चिरंजीवांचे वडील, आईंचे यजमान. दोन वर्षांपूर्वी गेले. ते घरी कॅमेरा घेऊन आले तेव्हा चिरंजीव दहा-अकरा वर्षांचे होते. दुकानदारानं दहा मिनिटं सगळं समजावून सांगितलं होतं आणि अण्णांनी दहाही मिनिटं मान डोलावली होती. सोबत शहाण्णव पानांचं मॅन्युअल होतं. ते त्यांनी टीव्हीखाली भिरकावलं. मॅन्युअल वाचायचं ते ज्यांना कळत नाही त्यांनी, असं त्यांचं मत होतं.

त्या न कळणाऱ्या आईंनी ते तीन दुपारींत वाचून काढलं. पान त्रेचाळीसवर त्या थांबल्या. त्या कॅमेऱ्याच्या टेपेवर दोन आवाजांना जागा होती. एक, चित्रीकरण करताना जो कोणी बोलेल त्याला. दुसरी कोरी, नंतर घरी बसून भरायला. त्यासाठी आधी एक सेटिंग बदलून ठेवावं लागे आणि मग झाकणाखालचं छोटं बटण दाबून, चित्र बघत बघत बोलायचं. पहिला आवाज पुसला जात नसे. आणि टेप नेहमीसारखी लावली की फक्त पहिलाच ऐकू येई. कंपनीनं ही सोय बहुधा संगीत घालण्यासाठी केली असावी. आईंकडे संगीत नव्हतं. उत्तरं होती.

कारण अण्णा कॅमेरा डोळ्याला लावला की एक मिनिट गप्प बसत नसत. समुद्रावर गेले की, "समुद्र अथांग आहे." घरात फ्रीज आला की, "हा आपला नवा फ्रीज. अगं, बाजूला हो, फ्रीज दिसत नाहीये." प्रत्येक टेपेत कुठं ना कुठं कॅमेरा आईंवर यायचा, त्यांची काहीतरी फजिती व्हायची आणि ते वाक्य यायचं. हिला काय कळतंय त्यातलं. मग मुलं हसायची, पाहुणे हसायचे. आईही हसायच्या. न हसून सांगतात कुणाला!

दुपारी अण्णा ऑफिसात आणि मुलं शाळेत असली की आई दाराला कडी घालायच्या, कॅमेरा टीव्हीला जोडायच्या आणि बोलायला बसायच्या. राग यायचा त्यांना, फार राग यायचा. पहिल्या टेपेत तर आवाज थरथरला होता. पण चौथी-पाचवी आली तोवर जीभ अशी सरसावली की ज्याचं नाव ते. अथांग म्हणे. घोट्याएवढ्या पाण्यात गेले नाहीत, बूट भिजतील म्हणून. आणि फ्रीज? तीनदा बंद पडला, तिन्ही वेळा दुरुस्तीवाल्याच्या मागं मी धावले, तेव्हा कुठं होता हो तुमचा कॅमेरा?

रविवारी अण्णा तीच टेप पाहुण्यांना दाखवायचे. आई ट्रे घेऊन दारात उभ्या राहायच्या. पडद्यावर त्या क्षणी आपण काय बोललोय हे सगळ्या खोलीत फक्त त्यांना माहीत असे, आणि हसू दाबता दाबता ट्रेमधले कप वाजायचे. "हळू," अण्णा म्हणायचे. एकतिसाव्या टेपेनंतर कॅमेरा बंद पडला. अण्णांनी तो कुणाला तरी देऊन टाकला. मेनू नावाचं काही त्यात होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता हे सगळं चुरा होऊन जाणार होतं. जाऊ दे, आईंनी स्वतःला समजावलं. मेलेल्या माणसाला उत्तरं देऊन मिळवायचंय काय! त्या घरी आल्या, चपला काढल्या आणि सुनेला म्हणाल्या की झालं एकदाचं काम.

सून बसायच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. ती घरूनच काम करी. डॉक्टर लोक रुग्णांबद्दल जे बोलून ठेवत, ते कानात इअरफोनचे बोळे घालून ऐकायचं आणि टाइप करायचं. टेबलाखाली तिच्या पायाशी एक पेडल असे. ते दाबलं की डॉक्टर बोलायचे, सोडलं की गप्प व्हायचे. घरात एवढी एकच जागा होती जिथं तिनं पाय उचलला की कुणी गप्प बसे. बाकी दिवसभर तिच्या तोंडून चार वाक्यं निघत नसत. आईंना ही सून कधी आवडली नव्हती. वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ही नुसती मूग गिळून बसायची. चिरंजीव वाट्टेल ते बोलायचे, आणि ही मान खाली घालून कपबश्या गोळा करायची. आईंना ते बघवत नसे आणि बघणं टाळताही येत नसे.

सुनेनं कानातले बोळे काढले आणि रिकामा खोका बघायला हातात घेतला. तळाशी, पुठ्ठ्याच्या खाली, काहीतरी अडकून राहिलं होतं. तिनं ते बाहेर काढलं.

"आई, हे मॅन्युअल राहिलंय. ह्यात पेन्सिलीनं..."

"ठेव ते इकडं." आईंनी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं. "तुला काय कळतंय त्यातलं."

मॅन्युअल त्यांनी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, बिलांच्या आणि दोऱ्यांच्या खाली सारलं. सून परत टेबलाशी गेली. पायाखालचं पेडल दाबलं गेलं. मधल्या गालिच्यावर नात चित्रं रंगवत होती. तिनं मान वर करून आजीकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, चिरंजीव हार्ड डिस्क घेऊन आले. रात्रीतून त्यांनी एकतीस तासांचा चाळीस मिनिटांचा एक चित्रपट बनवला आणि रविवारी सकाळी अकराला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. सगळे म्हणजे तिघी. पडदे ओढले. मोबाइल बाजूला ठेवा म्हणाले, आणि स्वतः मोबाइल काढून टीव्हीचंच शूटिंग करू लागले.

पडद्यावर अक्षरं उडत आली. 'अण्णांच्या नजरेतून.' खाली 'संकल्पना, संकलन, दिग्दर्शन' आणि तिन्हींपुढं चिरंजीवांचंच नाव. मागं कुठलंसं सतारीचं रडगाणं. मग समुद्र आला, अण्णांच्या आवाजात अथांग झाला. फ्रीज आला. फ्रीजसमोरून एक बाई बाजूला झाली. चिरंजीवांनी तिथं फ्रीजवर चमचमणाऱ्या चांदण्या टाकल्या होत्या. आई सोफ्याच्या कडेला बसून बघत होत्या. चिरंजीवांना नजर बापाची मिळाली होती आणि अक्कलही, हे त्यांना नव्यानं कळलं असं नाही. पण चांदण्यांनी शंका उरली नाही.

मग स्वयंपाकघर आलं. अण्णांचा आवाज म्हणाला, "आता आपण आमच्या गृहमंत्र्यांना एक सोपा प्रश्न विचारू. मॅडम, आज वार कोणता?"

पडद्यावर तिशी-चाळिशीतली एक बाई बटाटे सोलत होती. तिनं ओल्या हातानं केस मागं सारले आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बघा, बघा, विचार चाललाय! हिला काय कळतंय त्यातलं!"

बाईनं तोंड उघडलं होतं, पण तोवर कॅमेरा हसणाऱ्या मुलांकडे वळला होता. त्यांत छोटे चिरंजीव पोट धरून हसत होते. मोठ्या चिरंजीवांना हा प्रसंग इतका आवडला होता की त्यांनी तो तीनदा घातला होता. एकदा साधा, एकदा संथ, एकदा हशा जोडून. नात सोफ्यावर लोळून हसली. आईही हसल्या, सवयीनं. हसून झाल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"आवाज जरा कमी करते," सून म्हणाली आणि रिमोट उचलून बघू लागली. तिनं चुकीचं बटण दाबलं. चित्र थांबलं.

"आई," नात सुनेला म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं!"

 मग चिरंजीवांनी टाळीसाठी हात पुढं केला आणि नातीनं टाळी दिली. "शेवटी अण्णांची नात!" ते म्हणाले. "बघ आई, ह्याला म्हणतात वारसा."

आईंनी सुनेकडे पाहिलं. आता तरी बोल, त्यांना वाटलं. तुझ्या पोटची पोर आहे, एक शब्द बोल, मुस्काटात दे हवी तर. सुनेनं रिमोट टेबलावर ठेवला आणि कपबश्या गोळा केल्या.

आई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. काय बोलायला गेल्या होत्या ते त्यांना नीट माहीत नव्हतं. सून नळाखाली कप धरून पाठमोरी उभी होती.

"आई, त्या दिवशी वार कोणता होता?"

"कोणत्या दिवशी?"

"तुम्ही बटाटे सोलत होता तेव्हा."

"वीस वर्षं झाली त्याला," आई फणकारल्या. "आता काय करायचंय तुला?"

सुनेनं नळ बंद केला. "काही नाही. सहज."

त्या दिवसापासून आईंच्या डोक्यातून शुक्रवार जाईना. अण्णा हार्ड डिस्कवर गेले होते. उद्या ते चिरंजीवांच्या म्हणण्याप्रमाणे पतवंडांपर्यंत जाणार, चांदण्यांसकट. सात वर्षांची पोर आजच त्यांचं वाक्य बोलत होती, तीही पुढं आपल्या मुलीला हेच शिकवणार. त्या वाक्याला आईंनी एकतीस वेळा उत्तर दिलं होतं, तोंडावर मारल्यासारखं, आणि ती एकतीसच्या एकतीस उत्तरं कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या खोलीत चुऱ्याच्या गाडीची वाट बघत पडली होती. आपली अक्कल पेंड खायला गेली होती का, त्यांनी स्वतःला विचारलं. दोन शहाणे हसले म्हणून त्या गप्प बसल्या होत्या! सोमवार गेला. मंगळवारी गुडघा दुखत होता. बुधवारी सकाळी, सून बोळे घालून बसल्यावर, त्यांनी ड्रॉवर उघडला. दोऱ्यांखाली मॅन्युअल नव्हतं. शोधायला वेळ नव्हता. त्या तशाच निघाल्या.

दुकानात कॅसेटवाला एका टेपेची उलगडलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळत होता. त्यानं त्यांना ओळखलं नाही. का ओळखावं!

"माझ्या टेपा परत हव्यात," आई म्हणाल्या. "एकतीस. बुटांच्या खोक्यातून आणल्या होत्या. तुम्ही त्यांचा एकच आवाज घेतलाय."

"अच्छा, त्या!" कॅसेटवाला हातातलं काम ठेवून उभाच राहिला. आज तो हसला नाही. "मावशी, त्या दिवसाचं काही मनावर घेऊ नका. एवढ्या वर्षांत कुणी तसल्या टेपा आणल्याच नव्हत्या माझ्याकडे. कोण करतो हो एवढी खटपट? सेटिंग आधी बदलायचं, मग..."

"मला माहीत आहे काय करायचं ते. टेपा द्या."

"टेपा नेल्या ना."

आईंनी काउंटरला हात टेकला. "गाडी शुक्रवारी येते म्हणालात."

"गाडी नाही हो. तुमच्या घरच्याच बाई येऊन गेल्या, सोमवारी. टेपा घेतल्या आणि माझा जुना कॅमेरा आठवड्याभरासाठी मागून नेला. हातात ते पुस्तक होतं, पान काढून माझ्यापुढं धरलं. म्हणाल्या, हे करून दाखवा." त्यानं कान खाजवला. "मी करून दाखवलं. आम्ही दोघांनी दोन मिनिटं ऐकलं. मग मी म्हटलं, घेऊन जा बाई, हे मी ऐकणं बरोबर नाही."

"कोण बाई?"

"बारीकशा. कमी बोलतात."

आई दुकानातून बाहेर आल्या आणि फुटपाथ धरून घराकडे निघाल्या. ती? जिला पाणी हवं असलं तरी मागवत नाही, ती दुकानात जाऊन पान काढून धरते? त्यांना आधी राग आला. आपल्या ड्रॉवरमध्ये हात घातला, आपलं ऐकलं, परक्या पुरुषाबरोबर बसून ऐकलं. घरी पोचेपर्यंत राग पुरला, जिना चढताना दमानं तो निम्मा झाला.

चिरंजीव ऑफिसात, नात शाळेत. दाराला आतून कडी होती. आईंनी बेल वाजवली. दार उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

टेबलावर लॅपटॉपशेजारी कॅमेरा होता, जुना, त्यांच्याकडे होता तसलाच. त्याच्या बाजूला मॅन्युअल पालथं ठेवलेलं. टेपांची दोन रांगांत मांडणी. सून दार लावून त्यांच्यामागं येऊन उभी राहिली. तिनं काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"अकरा झाल्यात," ती म्हणाली. "तासाला तासच लागतो."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरंच होतं. आई खुर्चीवर बसल्या. "तुला कळलं कसं?"

"पान त्रेचाळीसला पेन्सिलीची खूण होती." सून म्हणाली. "अण्णांनी मॅन्युअल वाचलं असेल, असं वाटलं नाही."

आईंना हसू फुटलं, खरंखुरं, कप वाजवणारं. सुनेनं बोळे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते कानात घातले आणि सुनेनं पेडलवर पाय ठेवला.

"मॅडम, आज वार कोणता?" हे शब्द इथं यायला हवे होते, पण ह्या वेळी अण्णांचा आवाज आलाच नाही. लॅपटॉपवरचं चित्र मुकं होतं. बाईनं ओल्या हातानं केस मागं सारले. कॅमेऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. चित्र मुलांकडे वळलं आणि मग एक तरुण, कोरडा, अगदी जवळचा आवाज कानात म्हणाला:

"बुधवार होता."

एवढंच. पुढं मुलं मुक्यानं हसत राहिली. आपण इतकं थोडकं बोललो होतो हे आई विसरूनच गेल्या होत्या. त्यांना आठवत होतं की इथं आपण चांगली पाच मिनिटं फाडून खाल्लं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सुनेनं पेडलवरून पाय उचलला.

"मला वार हवा होता," ती म्हणाली. "मिळाला."

लॅपटॉपवर फायलींची यादी होती. सुनेनं प्रत्येक टेपेचे दोन भाग नीट नावं घालून लावले होते. समुद्र, आवाज एक. समुद्र, आवाज दोन. फ्रीज, आवाज एक. फ्रीज, आवाज दोन. आईंनी बोट लावत खाली खाली वाचलं. अकरा टेपा संपल्यावर एक रेघ होती, आणि तिच्याखाली दुसरी यादी होती. ही टेपांची नव्हती. चिरंजीव मोबाइलवर जे जे काढत आले होते, ते. मुलगी चालायला लागली ते. नवी गाडी. सहलीचा डोंगर. प्रत्येकापुढं लिहिलं होतं, आवाज तीन. आईंनी तारखा बघितल्या. पहिली सहा वर्षांपूर्वीची होती.

"हे काय आहे?"

सून टेबलाच्या कडेशी उभी होती. तिनं एक टेप उचलली, सरळच होती ती पुन्हा सरळ करून ठेवली.

"दुपारी करते," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की."

मॅन्युअलच्या खुणेपाशी हिची नजर का थांबली ते आईंच्या आता लक्षात आलं. सहा वर्षं ह्याच टेबलाशी, पलीकडच्या खोलीत त्या झोपलेल्या असताना, ही मुकी म्हणून ज्या पोरीवर त्यांनी नाक मुरडलं होतं, ती बोलत बसली होती. त्यांनी बोळे कानातून काढले आणि हातात धरले.

"त्यात मी आहे का?"

"आहात."

"काय बोलते मी त्यात?"

सुनेनं पालथं ठेवलेलं मॅन्युअल मिटलं. 

"एकच वाक्य," ती म्हणाली. "पुष्कळ वेळा."

आईंना कुठलं ते विचारायची गरज पडली नाही. गालिच्यावर नातीच्या रंगांचा डबा उघडा पडला होता. पोर अण्णांच्या मांडीवर वाढली नव्हती. अण्णा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि त्यातलं शेवटचं वर्षभर तर ते धड बोलतही नव्हते. ते वाक्य तिला सगळ्यात जास्त वेळा कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं होतं, ह्याचा हिशेब सोपा होता. रविवारी टाळी चिरंजीवांनी घेतली होती, पण हक्काची टाळी दुसऱ्याच कुणाची होती.

"उत्तर दिलंयस?" त्यांनी विचारलं. "मला?"

"दिलंय."

"दर वेळी?"

"दर वेळी."

आईंनी मान हलवली. मग त्यांनी बोळ्यांची वायर बोटांभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"एका ठिकाणी ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणी ठेव. एक घराबाहेर."

"ठेवलंय," सून म्हणाली.

तिनं बारावी टेप कॅमेऱ्यात सरकवली आणि झाकण लावलं. आई खुर्चीवरून उठल्या नाहीत. ह्या टेपेलाही तासच लागणार होता.